पहिल्या गृहभेटीला जाणाऱ्या ज्युनियरसाठी

माझी इंटर्नशिप चालू आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या बॅचची कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायचं काम, लागणार, आणि गेले आठ दिवस कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, लायब्ररीच्या पायऱ्यांवर मला एकच प्रश्न येतोय: ताई, घरी गेल्यावर नेमकं करायचं काय? तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून बसून लिहिते आहे. ऑक्युपेशनल थेरपीचा अभ्यासक्रम यात सापडणार नाही. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी या बाजूंच्या घरांत फिरताना मला जे वेळेवर सुचलं नाही आणि मागाहून कळलं, तेवढंच आहे. माणसांची नावं आणि गावं मुद्दाम देत नाही. तुम्हीही तुमच्या वहीत देऊ नका.

आधी आदोळीवर बसा

वर्गात ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस, म्हणजे एखाद्या कामाची पायरी-पायरीने फोड, शिकवतात तेव्हा उदाहरण बहुधा दात घासण्याचं किंवा चहा करण्याचं असतं. परीक्षेला ते पुरतं. पोस्टिंगआधी मात्र आपल्या स्वयंपाकघरातलं एक काम निवडा आणि ते स्वतः करा. मी नारळ खवायचं काम घेतलं. आईने नारळ फोडून दिला, मी आदोळीवर, म्हणजे खोबरं खवायच्या विळीवर, बसले आणि धाकट्या बहिणीला वही देऊन शेजारी बसवलं. मी करत गेले, बोलत गेले, ती लिहीत गेली.

एक गुडघा दुमडलेला, दुसरा उभा. कमरेतून पुढे वाक. दोन्ही तळवे वाटीच्या पाठीवर. दाब खांद्यातून येतो, फिरवणं मनगटातून. डावा हात नुसता धरतो आणि उजवा काम करतो असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दोन्ही हात आळीपाळीने धरतात आणि आळीपाळीने फिरवतात. नजर पात्याच्या दातांवरून हलत नाही. करवंटी जवळ आली हे डोळ्यांआधी कानाला कळतं, आवाज कोरडा होतो. अशा चौदा पायऱ्या झाल्या. चौदावी होती उठण्याची: जमिनीवरून, हात ओल्या खोबऱ्याने माखलेले, टेकायला जवळ काही नाही, आणि शेजारी उघडं पातं. पडायचा धोका सगळ्यात जास्त तिथेच आहे. टेबलाशी बसून हे विश्लेषण लिहिलं असतं तर उठणं मी लिहिलंच नसतं.

असंच आणखी एखादं काम करून बघा. न्हाणीत भाणातलं, म्हणजे मोठ्या हंड्यातलं, गरम पाणी तांब्याने घेऊन फक्त एका हाताने अंघोळ करा. एका हाताने बांगडा खा. काटा बाजूला काढायला दोन हातांची चिमूट लागते, हे तेव्हा बोटांना कळेल. हुमण-भाताचा (हुमण म्हणजे माशाची आमटी) घास घेताना तळवा वाटीसारखा होतो, अंगठा मागून घास पुढे ढकलतो आणि कोपराच्या पुढचा हात तोंडाकडे वळतो. या तीन हालचालींची नावं तुम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ आहेत. अर्धांगवायूच्या पेशंटच्या घरी 'चमच्याने जेवतात, स्वतंत्र' अशी नोंद करण्याआधी त्या आठवा. चमच्याने जेवणं त्यांना जेवण वाटतं का, तेही विचारा. आणि उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवायला सांगताना आपण काय मागतो आहोत, हे ध्यानात ठेवून हळू सांगा.

दारात काय सांगायचं

ऑक्युपेशनल थेरपीसाठी मराठीत असलेला 'व्यवसायोपचार' हा शब्द दारात वापरू नका. एका घरात मी तो वापरला, तर पेशंटच्या भावाने खुर्ची पुढे ओढून विचारलं, "म्हणजे तुम्ही नोकरी लावून देणार?" त्याच्या आवाजात आशा होती आणि ती मला मोडावी लागली. तेव्हापासून मी म्हणते, "दुखण्याआधी जी कामं तुम्ही रोज करत होता, त्यातली जमतील तेवढी परत करता यावीत म्हणून आम्ही येतो. हात-पाय हलवायचे व्यायाम त्यात येतात, पण कामासाठी." फिजिओवाली म्हणून हाक मारली तर चिडू नका. फिजिओथेरपिस्ट आधी येऊन गेलेले असतात आणि त्यांच्यामुळेच पेशंट उठून बसलेला असतो.

कोणी जास्त खोलात विचारलं तर आपल्या विषयाचा इतिहास सांगता आला पाहिजे. एका निवृत्त मराठी शिक्षकांनी मला विचारलं, "हे शास्त्र आपल्याकडे आलं कधी?" १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आल्या. १९५२ मध्ये आपल्या विषयाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. हे सगळं मी सांगितलं. पण गुरुजी खुलले ते पुढच्या वाक्याला: इरावती कर्व्यांची मुलगी जाई निंबकर ही याच कमलाबाईंची सून. "अरे, म्हणजे आपल्याच घरातलं!" म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आजारी हात टॉवेलखालून बाहेर काढला.

भाषेचं एक. आपण केस शीट इंग्रजीत लिहितो, घरातलं बोलणं कोकणीत चालतं आणि आजी-आजोबा पेपर मराठी वाचतात. तिन्हींची तयारी ठेवा. 'वेदना शून्य ते दहामध्ये किती' हा प्रश्न घोकून जाऊ नका. "रात्री झोप मोडते का? कूस वळताना की तशीच?" असं विचारलं तर उत्तर मिळतं.

टेप नंतर, दिवस आधी

या सगळ्यातून तुम्ही एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. पिशवीतून काहीही काढण्याआधी माणसाचा पूर्ण दिवस विचारा. दुखण्याआधीचा एक दिवस, डोळे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत. मग आताचा एक दिवस. दोन दिवसांमध्ये जे गळलं, ते तुमचं काम.

मी हे केलं नव्हतं. मे महिन्यात एका आजोबांकडे गेले. चैत्रात त्यांना झटका आला होता, डावी बाजू लुळी. मी सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर काढलं, स्नायूंचा ताठरपणा मोजणाऱ्या मॉडिफाइड ॲशवर्थवर कोपराला २ लिहिलं, रोजच्या कामांत किती मदत लागते ते सांगणारा बार्थेल इंडेक्स भरला, १०० पैकी ६० आले. मग उचलून ठेवायचे शंकू आणि भोकांत खुंट्या बसवायचा पेगबोर्ड मांडला. आजोबांनी सगळं केलं. "बाय, हे कशाला?" एकदाच विचारलं. मी म्हटलं, "हाताची ताकद वाढायला, आजोबा." ते मान हलवून गप्प बसले. मी 'सहकार्य उत्तम' असं लिहून घरी आले. दुसऱ्या भेटीलाही तेच.

तिसऱ्या भेटीला पाऊस लागला होता. बस चुकली आणि मी पडवीत अर्धा तास जास्त बसले. तेव्हा वर वाशाला टांगलेलं घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य, दिसलं, कापडात गुंडाळलेलं. सुनेने सांगितलं की चवथीला, म्हणजे गणपतीत, गावातल्या दहा-बारा घरांत आरतीला बाबाच घुमट वाजवतात, वाजवायचे. आजोबा दुसरीकडे बघत होते. माझ्या केस शीटची चार पानं भरली होती आणि त्यांत घुमट कुठेच नव्हतं.

बार्थेलमध्ये दहा बाबी आहेत: जेवण, अंघोळ, केस-दाढी, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना. त्यात घुमट नाही, देवाला दिवा लावणं नाही, पंगतीला जमिनीवर बसणं नाही. तरी बार्थेल भरायचाच. माणसाला किती मदत लागते हे त्याच्याइतकं लवकर दुसरं काही सांगत नाही, आणि हॉस्पिटलमध्ये तीच भाषा चालते. फक्त तो भरून झाला म्हणजे माणूस कळला, असं समजून उठू नका.

घुमटाचं विश्लेषण मग मी आजोबांकडूनच शिकले. मातीचं मडकं, रुंद तोंडावर कातडं ताणलेलं, अरुंद तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर वाजतात. डावा तळवा अरुंद तोंड झाकतो आणि सोडतो, त्यातून घुमणारा आवाज निघतो. म्हणजे आजारी हाताचं काम होतं झाकणं आणि सोडणं. कोपर दुमडलेलं ठेवणं त्यांना सोपं होतं, स्नायूंची ओढच तशी होती. झाकणं जमण्यासारखं होतं. सोडणं अवघड, कारण तिथे बोटं आणि मनगट उघडावं लागतं. वर्गात आम्ही फ्लेक्सर सिनर्जीचं, म्हणजे सगळा हात एकदम दुमडून येण्याचं, चित्र काढून गुण मिळवले होते. त्या चित्राचा उपयोग कुठे होतो ते मला या पडवीत कळलं.

आम्ही असं केलं. आधी दहा मिनिटं डावा तळवा शेजारी सोप्यावर, म्हणजे पडवीतल्या बैठकीवर, सपाट टेकवून त्यावर अंगाचा भार, म्हणजे हाताची ओढ थोडी सैल होते. मग हात असलेल्या खुर्चीत बसणं, मांडीवर चादरीची गुंडाळी, तिच्यावर घुमट, डाव्या कोपराखाली उशी, म्हणजे हाताच्या वजनाने खांदा खाली ओढला जात नाही. मी सुचवलं की सरावाला प्लॅस्टिकचा डबा घेऊ, पडला तरी फुटणार नाही. आजोबांनी तो हातात घेतला, वाजवला आणि परत दिला. नातवाने माळ्यावरून कातडं फाटलेलं जुनं घुमट शोधून आणलं. डाव्या हाताच्या सरावाला ते पुरेसं होतं, मातीचं होतं आणि हाताला ओळखीचं होतं. नात आरती संथ म्हणायची, आजोबा झाकायचे, सोडायचे.

शंकू उचलायला ते दिवसातून दहा मिनिटं देत होते, माझ्यासाठी. घुमटाला त्यांना थांबवावं लागायचं. हात थकला की स्नायूंची ओढ वाढते, म्हणून किती वेळ करायचं हे ठरवून द्या आणि घरातल्या एकाला त्यावर लक्ष ठेवायला सांगा. चवथीला त्यांनी स्वतःच्या घरी दोन आरत्या वाजवल्या. डावा हात मात्रेला उशिरा सुटत होता, बाकीच्यांनी लय उतरवली. तिसऱ्या आरतीला हात जड झाला, तेव्हा घुमट नातवाकडे गेलं. दहा-बारा घरं काही झाली नाहीत.

घर मोजताना

उंबरा, न्हाणीचं दार, खाट, संडास, पायऱ्या, दिव्याचं बटण. टेप लावा, चित्र काढा, फोटो काढायचा तर विचारून काढा. कागदावरचा नियम आणि अंगण यांची गाठ घालणं हे इथलं खरं काम.

रॅम्पचा उतार १ ला १२ असावा, हे तुम्हाला पाठ आहे. एका घराला तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी सात इंचांची. एकवीस इंच चढायचे तर एकवीस फूट रॅम्प. अंगणात बारा फुटांवर तुळस. मी म्हटलं, वृंदावन थोडं बाजूला घेता येईल का? घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. पुढच्या भेटीला त्यांची माफी मागून मी नवा आराखडा नेला: प्रत्येक पायरीच्या मध्ये चिऱ्याची एक अर्धी पायरी, म्हणजे पाय साडेतीन इंचच उचलायचा. प्रत्येक पायरी इतकी रुंद की वॉकरचे चारही पाय तिच्यावर मावतील. एका बाजूला गोल पाईपचा कठडा, मुठीत नीट बसेल असा, साधारण ४० मिलिमीटर जाडीचा. गावच्या गवंड्याने दोन दिवसांत करून दिलं. व्हीलचेअर असती तर हे चाललं नसतं. पण ज्यांच्यासाठी हे करायचं होतं ते काका वॉकरवर चालत होते, आणि मी रॅम्प शिकले होते म्हणून रॅम्पच काढत होते.

पावसाचा हिशेब वेगळा ठेवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिलमध्ये बघितलेलं अंगण जुलैत तेच राहत नाही. चिऱ्यावर शेवाळ धरतं. संडास घराबाहेर असेल तर तिथवरची वाट स्वतः चालून बघा, पावसात, चपला घालून. काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघा, झिजून गुळगुळीत झालेलं असतं. ते काही रुपयांत मिळतं, दोन जास्तीची पिशवीत ठेवा. काठीची उंची उभं राहून मनगटाच्या घडीशी यावी, कोपर २० ते ३० अंश वाकावं, आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात. बहुतेक घरांत ती लुळ्या बाजूला धरलेली दिसेल, कारण तिकडे आधार हवा असं घरच्यांना साहजिकच वाटतं. नुसतं "चूक" म्हणू नका, दोन्ही बाजूंनी चालायला लावा, फरक त्यांनाच कळतो.

स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा साचा, दिलं असेल तर ते कुठे ठेवतात ते बघा. गरम पाण्यात मऊ करून जे आपण हातावर बसवतो, ते स्कूटरच्या डिकीत उन्हातही मऊ होतं आणि आकार सोडतं. घामाने पट्ट्यांना वास येतो, मग पेशंट ते घालणं बंद करतो आणि आपल्याला सांगत नाही. कोमट पाणी, साबण, सावलीत वाळवणं, हे चिठ्ठीत लिहा.

त्यांना काय हवं ते तुम्ही ठरवू नका

म्हार्दोळच्या जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या विणलेल्या माळा, गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. मी सांगते त्या काकी म्हार्दोळच्या नव्हेत, पण फुलं विणणाऱ्याच. संधिवात, दोन्ही हातांची बोटं सुजलेली. आदोळीचा चौदा पायऱ्यांचा कागद माझ्याकडे तयारच होता. मी उत्साहाने टेबलाला लावायची, दांडा फिरवून चालणारी खवणी सुचवली, चित्र दाखवलं. काकींनी ऐकून घेतलं. मग मी सीओपीएम काढलं, म्हणजे कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर. त्यात पेशंटच आपल्या अडचणी सांगतो, प्रत्येक किती महत्त्वाची ते १ ते १० मध्ये ठरवतो, मग आता कितपत जमतं आणि त्यावर कितपत समाधान आहे तेही. खोबऱ्याला काकींनी महत्त्व दिलं २. "सून खवते, फ्रिजात ठेवते. मला काय त्याचं?" फुलं विणण्याला १०. त्यातून त्यांच्या हातात स्वतःचे पैसे येत होते.

मग खाली बसून बघितलं. केळीच्या सोपटाच्या दोराचं टोक काकी पायाच्या अंगठ्यात धरत, एका हाताने ताण ठेवत आणि दुसऱ्याने फुलं गुंफून आवळत. पाठ तासन्‌तास वाकलेली. आम्ही दोराचं टोक टेबलाच्या कडेला ठोकलेल्या हुकात अडकवलं, म्हणजे ताण हुकाने धरला आणि चिमटीवरचा जोर उतरला. फुलं पसरट ताटात, खुर्चीत बसल्यावर कोपर टेकेल एवढ्या उंचीला. वीस मिनिटांनी हात सैल सोडायचे. सकाळी बोटं ताठ असतात, म्हणून वेण्यांचं काम उन्हं चढल्यावर, त्याआधी हात कोमट पाण्यात. सहा आठवड्यांनी फुलांचं 'कितपत जमतं' ३ वरून ६ झालं. सीओपीएममध्ये दोन गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. काकींनी गुण विचारले नाहीत. त्या म्हणाल्या, "हुक अजून एक ठोक, शेजारणीला पण हवा."

परत आल्यावर हे मी वर्गात मांडलं. जॉइंट प्रोटेक्शनच्या, म्हणजे सांधे जपण्याच्या, प्रॅक्टिकलला आमच्या मॅडमनी त्या दिवशी जाड मुठीचे चमचे बाजूला ठेवून फुलं आणि दोर आणवला. घरात दिसलेलं वर्गात घेऊन या. शिक्षकांना ते हवं असतं, बहुतेक वेळा आपणच सांगत नाही.

चिठ्ठी

'दहा वेळा, तीन सेट, दिवसातून तीनदा' असं लिहिलेला कागद भिंतीवर राहतो आणि तिथेच पिवळा पडतो. घराला स्वतःचं घड्याळ असतं, त्याला काम बांधा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की उठून खाटेच्या कडेला बसायचं, पाव येईपर्यंत तसंच. देवपूजेच्या फुलांची परडी डाव्या हाताने धरायची. दुपारच्या पेजेच्या आधी हात टेकवून भार. संध्याकाळी देवळात घंटा झाली की पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या. मराठीत लिहा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात, एका पानावर. चारच गोष्टी. पाचवी सुचली तर आधीची एक काढा.

खर्चाच्या गोष्टी शेवटी. जाड मुठीचा चमचा विकत घ्यायला सांगण्याआधी एसीच्या पाईपवरचा काळा फोम कापून चमच्याला घालून बघा. ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही. कपड्यांचा नियम तोंडी सांगा आणि करूनही दाखवा: घालताना आजारी हात आधी, काढताना आजारी हात शेवटी.

मुलांच्या घरी जाल तेव्हा आजीचं निरीक्षण करा. सत्तरीतल्या एका घरात सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत. मी पिशवीतून गादीचे तुकडे काढत होते, तोवर आजीने त्याला उचलून दोन पाय दोन बाजूंना करून कडेवर घेतलं. पाठ्यपुस्तकात अशा मुलाला उचलायची हीच पद्धत दिली आहे. मी आजीला तसं सांगितलं, आणि मुलाच्या आईला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं असं मला वाटलं.

कागदपत्रांचं थोडं शिकून जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांचा दाखला लागतो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं लागतं, आणि गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा आर्थिक मदत मिळते. कोणता फॉर्म कुठे मिळतो हे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना आणि अंगणवाडी सेविकेला आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. पहिल्याच दिवशी त्यांना जाऊन भेटा.

छातीत दुखणं, एका बाजूचा अचानक वाढलेला अशक्तपणा, बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर थेरपी थांबवा, १०८ ला फोन करा, मग सुपरवायझरला. आणि एकटीने कोणालाही पहिल्यांदा उभं करू नका.

वही

जागतिक महासंघाच्या निकषांप्रमाणे आपल्याला किमान १००० तास प्रत्यक्ष पोस्टिंगमध्ये काढायचे असतात. लॉगबुकात तास भरतात. रिफ्लेक्शनच्या पानांवर मात्र 'खूप शिकायला मिळालं' एवढंच लिहिलं जातं, माझ्याही सुरुवातीच्या पानांवर तेच आहे. आता मी त्याच दिवशी, परतीच्या कदंब बसमध्ये बसून तीन गोष्टी लिहिते. मी काय गृहीत धरून गेले होते? घरात काय दिसलं? पुढच्या वेळी आधी काय विचारीन? घुमटाच्या दिवशीचं माझं पान असं आहे: 'हात कमजोर म्हणून हाताचे खेळ दिले. वर वाशाकडे बघितलं नाही. पुढच्या घरी आधी भिंती, खुंट्या, कोनाडे बघायचे, मग दिवस विचारायचा.' एवढं पुरतं. रडू आलं असेल तर तेही लिहा, पण कशाने आलं ते लिहा.

निरोप

किती भेटी होणार ते पहिल्या दिवशीच सांगा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना गोल करा. चवथीचा आठवडा आणि गावची जत्रा सोडून. एका घरी मी शेवटची भेट आहे हे शेवटच्या भेटीतच सांगितलं. त्या ताईंनी पुढच्या आठवड्यासाठी माझ्याकरता तवसळीसाठी, म्हणजे काकडीच्या गोड केकसाठी, तवसं राखून ठेवलं होतं. असं पुन्हा माझ्याकडून होणार नाही.

शेवटच्या दिवशी नवं काही शिकवू नका. आजवर शिकवलेलं घरच्यांना करून दाखवायला सांगा. त्यातली एक गोष्ट पहिल्या भेटीपासून सांगत आलेली असली पाहिजे: लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून माणसाला ओढायचं नाही, सैल पडलेला खांदा त्याने निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. घुमटवाल्या आजोबांच्या सुनेला मी हे पाच वेळा सांगितलं होतं आणि दर वेळी घाईत तिचा हात काखेकडेच जायचा. शेवटच्या भेटीला तिने मलाच खाटेवर झोपवलं. मला कुशीवर वळवून पाय खाली सोडले, उठवून कडेला बसवलं. माझा डावा हात उचलून माझ्याच मांडीवर नीट ठेवला, कमरेला रुंद सुती पट्टा बांधला, माझे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवले आणि पट्ट्याला धरून "एक, दोन, तीन, ऊठ" म्हणाली. आजोबा खुर्चीतून बघत होते. "पाय मागे घे, बाय," ते मला म्हणाले, "नाहीतर ती तुला कशी उठवणार?"